एका डोळ्याने मोजलेला देश

निलंग्याच्या गढीवजा उंचवट्यावरून सरळ पूर्वेकडे नजर टाकली आणि ती शंभरेक किलोमीटरपर्यंत पोचू शकली, तर बीदरच्या मुलखातल्या दामरगिड्डा नावाच्या ठिकाणाच्या आसपास जाऊन टेकेल. निलंग्याचा अक्षांश १८ अंश ७ मिनिटे. दामरगिड्ड्याचा १८ अंश ३ मिनिटे १५ सेकंद. निलंग्याचा आकडा मी खिशातल्या मोबाइलवर पाहिला, बोट लावायचा अवकाश. दामरगिड्ड्याचा आकडा काढायला एका गोऱ्या माणसाने कन्याकुमारीच्या टोकापासून तिथपर्यंत डोंगरामागून डोंगर चढत दक्षिण भारत मोजत आणला होता. १८१५ साली बीदरच्या माळावर त्याने आपली पोलादी साखळी पसरली. निलंगा तालुका १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यातच होता. तेव्हा ही आमच्याच जिल्ह्याची गोष्ट म्हणायला हरकत नाही.

त्या माणसाचे नाव विल्यम लॅम्बटन. त्याच्या हाताखाली आलेल्या एव्हरेस्टचे नाव जगातल्या सर्वांत उंच शिखराला मिळाले आणि शाळेतल्या पोराटोरांच्या तोंडी बसले. लॅम्बटनचे नाव मात्र आमच्या मोजणीच्या धंद्यातल्या लोकांनाही फारसे माहीत नसते. मी स्वतः जमीन मोजणीत आयुष्य काढले. शंकू, तेहेतीस फुटी साखळी, फलकयंत्र यांच्यापासून सुरुवात केली आणि निवृत्तीच्या सुमारास उपग्रहांकडून आकडे घेणारे रोव्हर नावाचे यंत्र बांधावर उभे राहिलेले पाहिले. काठीवर पांढरी टोपी बसवल्यासारखे हे यंत्र दिसते. शेतकरी विचारतात, यात आहे तरी काय? हे आभाळाकडे बघून माझा बांध कसा काय सांगते? या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला लॅम्बटनपासूनच सुरुवात करावीशी वाटते, कारण यंत्राच्या पोटात आज जे जे बसवलेले आहे, ते ते त्याने तंबूत, बैलगाडीवर आणि हमालांच्या खांद्यावर वागवले होते.

लॅम्बटन इंग्लंडमधल्या यॉर्कशायर परगण्यात, नॉर्थअलर्टन गावाजवळ १७५३ च्या सुमारास एका साध्या घरात जन्मला. घरची गरिबी, पण गणितात डोके चालणारे. पलटणीत शिरला, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढायला गेला आणि १७८१ मध्ये यॉर्कटाउनच्या पराभवात कैद झाला. सुटल्यावर कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक प्रांतात बराकींचा कारभारी म्हणून जवळजवळ तेरा वर्षे काढली. बढती नाही, नाव नाही. तिथे सरहद्दीच्या मोजणीचे थोडे काम केले आणि फावल्या वेळात गणिताची पुस्तके वाचली. काच न धरता सूर्यग्रहण पाहिल्यामुळे एका डोळ्याची दृष्टी गेली. पुढे ज्याने आयुष्यभर दुर्बिणीला डोळा लावला, त्याच्यापाशी लावायला एकच डोळा शिल्लक होता. पण दुर्बिणीला एकच पुरतो.

वयाची चाळिशी उलटून गेल्यावर तो आपल्या ३३ व्या पलटणीबरोबर हिंदुस्थानात आला. पलटणीचा प्रमुख होता आर्थर वेलस्ली, ज्याने पुढे १८०३ मध्ये आपल्याच मराठवाड्यात असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढाई केली. त्याआधी १७९९ ची श्रीरंगपट्टणची मोहीम झाली. तिथली एक हकिकत इंग्रज इतिहासकारांनी नोंदवून ठेवली आहे. जनरल बेअर्डची तुकडी रात्रीच्या अंधारात चालली होती. लॅम्बटनने सप्तर्षींकडे पाहिले आणि आपण दक्षिणेला नव्हे, उत्तरेला, म्हणजे थेट टिपूच्या छावणीकडे निघालो आहोत असे जनरलला सांगितले. जनरलला ताऱ्यांचा सल्ला नको होता. थोड्या वेळाने उजेड करून होकायंत्र पाहिले, तेव्हा तारे बरोबर ठरले. आकाशात पाहून जमिनीवरची जागा सांगायची ही कला आपल्या दर्यावर्दी लोकांना ठाऊक होतीच, पण लॅम्बटनला तेवढ्यावर थांबायचे नव्हते.

टिपू पडला, म्हैसूरचा मुलूख हाती आला. लॅम्बटनने मद्रास सरकारपुढे प्रस्ताव ठेवला की द्वीपकल्प आडवे मोजून काढू, एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत. मनात त्याहून मोठे होते. पृथ्वी विषुववृत्तापाशी किती फुगलेली आहे, म्हणजे तिचा नेमका आकार काय, हे त्याला शोधायचे होते. गव्हर्नर एडवर्ड क्लाइव्हने पाठिंबा दिला. खर्चावर लक्ष ठेवणाऱ्या एका अधिकाऱ्याने मात्र हिशेबी शंका काढली होती, असे सांगतात. श्रीरंगपट्टणला जायचे असेल तर पालखीच्या भोयांना सांगितले की झाले, त्याला एवढी गणिते कशाला? हा प्रश्न विचारणारी माणसे अजूनही सर्व कचेऱ्यांत आढळतात.

आता त्याच्या यंत्रांची गोष्ट, कारण ती एखाद्या कादंबरीत शोभेल अशी आहे. लंडनच्या रॅम्सडेनने बनवलेली शंभर फुटांची पोलादी साखळी आणि डोक्यावरचे तारे पाहण्याचा झेनिथ सेक्टर या वस्तू इंग्रज वकिलातीने १७९३ मध्ये चीनच्या बादशहाला नजर म्हणून नेल्या होत्या. बादशहाला त्यांत गोडी वाटली नाही. वकिलातीबरोबरच्या डॉ. डिनविडी यांनी त्या कलकत्त्याला आणल्या आणि तिथून त्या लॅम्बटनच्या हाती आल्या. तिसरे यंत्र कोन मोजायचे, विल्यम कॅरीने घडवलेला अर्ध्या टनाचा थिओडोलाइट. तो आणणारे जहाज वाटेत फ्रेंचांनी पकडले आणि मॉरिशसला नेले. पेटीत काय आहे ते कळल्यावर तिथल्या फ्रेंच गव्हर्नरने यंत्र सन्मानपूर्वक परत पाठवले. दोन राष्ट्रे लढत असतानाही एवढी रीत शिल्लक होती.

१० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी मोजणी सुरू झाली. साडेसात मैलांची एक सरळ रेघ, पायारेषा म्हणतात तिला, ती मोजायला सत्तावन्न दिवस लागले. साडेसात मैल म्हणजे आपल्या माणसाची सकाळची दोन-अडीच तासांची चाल. मग सत्तावन्न दिवस कशाला? तर साखळी जमिनीवर टाकायची नव्हती. तिवईवर लाकडी पेट्या एका रेषेत मांडायच्या, त्यांत चाळीस दुव्यांची साखळी ताणून ठेवायची, पेट्यांत तापमापक ठेवायचे आणि उन्हाने पोलाद किती वाढले त्याचा हिशेब प्रत्येक वेळी धरायचा. एप्रिल-मेचे मद्रासचे ऊन! सकाळी घातलेली साखळी दुपारी तीच राहत नाही. लॅम्बटनचा सगळा जीव या एका गोष्टीवर होता, कारण ही रेघ चुकली तर तिच्यावर उभारलेला प्रत्येक त्रिकोण चुकणार. पायारेषेच्या दोन टोकांवरून दूरच्या टेकडीचे कोन घ्यायचे, की टेकडीचे अंतर न चालताच गणिताने निघते. मग ती बाजू धरून पुढचा त्रिकोण. अशी त्रिकोणांची माळ देशभर नेता येते, साखळी पुन्हा पसरायची ती फक्त पडताळ्यासाठी.

आता रोव्हर किंवा मोबाइल उघडून पाहू. मोबाइलमध्ये तर हे सगळे शेंगदाण्याएवढ्या जागेत बसते. सर्वांत वर असतो अँटेना, बहुधा चिनीमातीसारख्या पदार्थाची चपटी वडी. वीस हजार दोनशे किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या जीपीएस उपग्रहांचे संदेश त्यावर येऊन पडतात. ते इतके क्षीण असतात की यंत्राच्या स्वतःच्या विद्युत खरखरीत बुडून गेलेले असतात. म्हणून अँटेनाला लागूनच एक वर्धक बसवतात, ज्याने स्वतःची खरखर कमीत कमी घालावी. त्याच्याजवळच गाळणी, नको त्या लहरी अडवायला. उपग्रहाची लहर सेकंदाला दीडशे कोटींहून जास्त वेळा कंप पावते. एवढ्या वेगाची लहर हाताळणे अवघड, म्हणून यंत्र स्वतःच्या आंदोलकाची लहर तिच्यात मिसळून तिचा वेग खाली आणते आणि मग तिचे अंकांत रूपांतर करते. इथवर जे झाले ते लॅम्बटनच्या भाषेत दुर्बीण रोखणे आणि भिंग साफ करणे.

खरी करामत पुढे आहे. प्रत्येक जीपीएस उपग्रह आपली एक ठरावीक खूण पाठवत असतो, १०२३ तुकड्यांची, सेकंदाला हजार वेळा तीच. गर्दीच्या जत्रेत शेकडो पोरे ओरडत असली तरी आईला आपल्याच लेकराची हाक कळते. यंत्राच्या पोटात प्रत्येक उपग्रहाच्या खुणेची नक्कल साठवलेली असते. ते ती नक्कल आलेल्या गोंगाटावर ठेवून पुढेमागे सरकवत राहते. मधले मधले दात मोडलेल्या दोन सारख्या फण्या एकमेकींवर ठेवून सरकवल्या, तर एकाच जागी सगळे दात जुळतात, तसेच हे. जुळले की बुडालेला संदेश वर येतो. नक्कल किती सरकवावी लागली, त्यावरून संदेशाला वाटेत लागलेला वेळ कळतो, आणि वेळेवरून अंतर. उपग्रह आपल्याकडे येतोय की दूर जातोय त्याप्रमाणे लहरीचा सूर बदलतो, स्टेशनातून धडाडत जाणाऱ्या गाडीच्या शिट्टीसारखा, म्हणून सूरही शोधावा लागतो. असे कप्पे यंत्रात अनेक असतात. एकेक कप्पा एकेक उपग्रह धरून बसतो आणि सुटू देत नाही. याच संदेशातून उपग्रह आपली कक्षाही सांगतो, पण फार सावकाश, सेकंदाला पन्नास अक्षरखुणा. जुनी यंत्रे सुरू केल्यावर काही वेळ नुसतीच बसून राहायची, ती त्यामुळे. मोबाइल हीच माहिती इंटरनेटवरून उचलतो म्हणून तो चटपटीत वाटतो.

लॅम्बटनने एक लांबी आणि बाकी सगळे कोन मोजले. हे यंत्र कोन मोजतच नाही, नुसती अंतरे मोजते. तीन उपग्रहांपासूनची अंतरे कळली की जागा निघायला हवी. पण इथे साखळी आणि ऊन यांचा जुना तंटा नव्या रूपात उभा राहतो. यंत्रातले घड्याळ म्हणजे स्फटिकाचा एक तुकडा. थंडी-उन्हाने त्याची चाल बदलते, म्हणून त्याच्याजवळही तापमान पाहून चाल सुधारणारी जोडणी असते. रॅम्सडेनच्या साखळीशेजारचे तापमापकच ते! तरीही स्फटिक पुरेसा पक्का नसतो. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली की अंतर तीनशे मीटरने चुकते. उपग्रहावर अणुघड्याळे आहेत, पण ती प्रत्येकाच्या खिशात देता येत नाहीत. तेव्हा चौथा उपग्रह घ्यायचा. चार समीकरणे, चार अज्ञाते: लांबी, रुंदी, उंची आणि आपल्या घड्याळाची चूक. चूक लपवायची नाही, तिलाच एक अज्ञात धरून सोडवायचे. मला या यंत्रातली ही कल्पना सर्वांत आवडते.

लॅम्बटनची रीतही हीच होती. १८०४ मध्ये बंगळूरजवळ दुसरी पायारेषा मोजली. मद्रासहून त्रिकोणांनी काढलेली तिची लांबी आणि साखळीने मोजलेली लांबी यांत फरक पडला चार इंचांपेक्षाही कमी, आणि तो सात मैलांत. मद्रास ते मंगळूर हे अंतर तोवर चारशे मैल धरले जाई. ते तीनशे साठ भरले. चाळीस मैल जमीन नुसत्या कागदावर होती. आमच्याकडे चार हातांच्या बांधावरून दोन पिढ्या कोर्टात जातात, त्या हिशेबाने ही मोजणी किती लोकांना रुचली असेल कोण जाणे.

१८०८ मध्ये तंजावरला घात झाला. सपाट मुलूख, टेकडी नाही, म्हणून बृहदीश्वराच्या मंदिरावर अर्ध्या टनाचे यंत्र दोराने चढवत होते. दोर सुटला, पेटी भिंतीवर आदळली आणि कोन मोजायचे चक्रच वाकले. दुसरा असता तर लंडनला पत्र लिहून दोन वर्षे वाट पाहत बसला असता. लॅम्बटनने तंबूत स्वतःला कोंडून घेतले. पाचरी, स्क्रू आणि कप्प्या लावून केसाकेसाने ओढत सहा आठवड्यांत चक्र पुन्हा गोल केले. लॅम्बटन पन्नाशी ओलांडलेला, सरळ साधा, आपल्या माणसांशी प्रेमाने वागणारा आणि कामात मात्र हटवादी असा होता. मद्रासच्या शाळेतून तयार झालेली अँग्लो-इंडियन पोरे त्याचे मदतनीस, निशाणवाले आणि हमाल इथलेच. इंग्लंडला तो परत गेलाच नाही. त्याचे घरदार इथेच झाले, मुलेबाळे इथेच वाढली.

गावोगाव संशय होताच. टेकडीवर झेंडे, रात्री दिवे आणि एक मोठी दुर्बीण! दुर्बिणीतून माणसे उलटी दिसत. घरातल्या बायका उलट्या पाहायला हा साहेब आला आहे, अशी कुजबूज व्हायची आणि कुठे कुठे दांडगाईवर प्रकरण जायचे. तरीही १८११ मध्ये गुत्तीची आणि १८१५ मध्ये बीदरची पायारेषा मोजून झाली. कन्याकुमारीजवळच्या पुन्नईपासून दामरगिड्ड्यापर्यंत जवळजवळ दहा अंशांचा कंस मोजला गेला. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ एवढा लांब कंस तोवर कोणी मोजला नव्हता. फ्रेंच विज्ञान अकादमीने आणि लंडनच्या रॉयल सोसायटीने १८१७ च्या सुमारास त्याला मान दिला. १ जानेवारी १८१८ पासून त्याच्या कामाला ग्रेट ट्रिगॉनॉमेट्रिकल सर्व्हे हे नाव मिळाले, आणि वर्षाअखेर जॉर्ज एव्हरेस्ट नावाचा तरुण हैदराबादेत त्याचा मदतनीस म्हणून रुजू झाला. कृष्णा-गोदावरीमधल्या जंगलात पहिल्याच हंगामात तापाने तो आडवा झाला. लॅम्बटन मात्र पुढे सरकत राहिला.

या मापांचा मोठा आधार घेऊन एव्हरेस्टने १८३० मध्ये पृथ्वीचा आकार मांडला. भारतीय नकाशे दीड शतकाहून जास्त काळ त्या आकारावर काढले गेले. उपग्रहांची यंत्रे मात्र वेगळा, सगळ्या पृथ्वीला बसणारा आकार वापरतात. त्याची विषुववृत्ती त्रिज्या एव्हरेस्टच्या आकाराहून साडेआठशे मीटरच्या आसपास जास्त आहे, आणि केंद्रही थोडे दुसरीकडे. परिणाम असा, की जुन्या नकाशावर मोबाइलचा आकडा जसाच्या तसा टिपला तर आपल्या भागात खूण शंभर मीटरहून जास्त सरकते. आपली विहीर शेजाऱ्याच्या शेतात जाते! २००५ च्या नकाशा धोरणापासून सर्वसामान्यांसाठीचे नकाशे जागतिक आकारावर आले, तेव्हा हा घोटाळा कमी झाला. उंचीचेही तसेच. नुसत्या उपग्रहांवरून काढलेली निलंग्याची उंची समुद्रसपाटीवरून धरलेल्या उंचीपेक्षा सत्तरेक मीटरने कमी येते, कारण दक्षिण भारतात समुद्रसपाटीच त्या काल्पनिक गुळगुळीत आकाराच्या खाली गेलेली आहे. म्हणून यंत्राच्या स्मरणात या फरकाचे एक कोष्टक भरून ठेवतात.

इथे शेतकऱ्याच्या प्रश्नाकडे वळतो. तेरणेकाठच्या एका गावात दोन भावांच्या हद्दीची मोजणी चालू असताना वडीलधाऱ्या आबांनी मला विचारले होते, माझ्या आजाने पुरलेला दगड खरा की हे आभाळातले यंत्र? प्रश्न लाखमोलाचा आहे. साधा मोबाइल चांगल्या उघड्यावरही काही मीटर इकडेतिकडे सांगतो. वडाखाली, पत्र्याच्या शेडजवळ त्याहून जास्त, कारण संदेश पत्र्यावरून उसळून उशिरा पोचतो आणि यंत्राला वाटते अंतरच जास्त आहे. रोव्हर दोन-तीन सेंटिमीटरवर येतो तो दोन गोष्टींमुळे. एक, तो खुणेबरोबर लहरही मोजतो, जिची लांबी जेमतेम १९ सेंटिमीटर. दोन, त्याला दूरच्या एका पक्क्या केंद्राची साथ असते. भारतीय सर्वेक्षण विभागाने महाराष्ट्रात अशी कायमची केंद्रे उभारली आहेत. केंद्राची जागा आधीच ठाऊक, त्यामुळे वातावरणाने आणि घड्याळांनी घातलेला घोळ ते ओळखते आणि रोव्हरला कळवते. म्हणजे आजही पायारेषा लागतेच, फक्त ती माळावर दिसत नाही. पण एवढे करून यंत्र सांगते ती जागा. मालकी टिपणात आणि फाळणीच्या कागदात असते, आणि तो कागद आजाच्या दगडावरूनच साखळी टाकून केलेला असतो. दगड जागेवर असेल तर रोव्हरने आधी त्यालाच मोजावे, असे मी आबांना सांगितले. दगड उपटलेला असेल, तर मात्र यंत्राइतका निःपक्षपाती साक्षीदार मिळणे कठीण.

जमीन स्वतः तरी कुठे स्थिर आहे? १९९३ च्या ३० सप्टेंबरची पहाट किल्लारीच्या शेजारच्या आम्हा लोकांना कोणी आठवून द्यायला नको. ते तर संकट होते. पण एरवीही भारताचा सगळा भूखंड वर्षाला पाचेक सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो आहे. लॅम्बटनने साखळी पसरली तो बीदरचा माळ त्यानंतर दहा-अकरा मीटर पुढे गेला. सगळेच एकत्र सरकत असल्याने बांधाला काही होत नाही, पण वर्षानुवर्षे चालणाऱ्या पक्क्या केंद्रांना ही चाल हिशेबात धरावी लागते. आपल्या देशाने स्वतःचे उपग्रहही सोडले आहेत. नाविक मालिकेतला पहिला १ जुलै २०१३ रोजी गेला, आणि २९ मे २०२३ रोजी गेलेल्या उपग्रहात तर भारतात घडवलेले अणुघड्याळ होते.

लॅम्बटनचा कंस दामरगिड्ड्याहून उत्तरेला वऱ्हाडात एलिचपूरकडच्या टाकळखेड्यापर्यंत, २१ अंशांच्या पलीकडे पोचला. तोवर १ लाख ६५ हजार चौरस मैल मुलूख त्रिकोणांत बांधून झाला होता. १८२२ च्या अखेरीस त्याने हैदराबाद सोडले आणि मुक्काम नागपूरला हलवायला निघाला. सत्तरीचे वय, खोकल्याने पोखरलेली छाती. आजच्या राष्ट्रीय महामार्गावरून एका दिवसात होणारा प्रवास छावणीच्या चालीने आठवडे खात होता. नागपूर काही मजलांवर असताना, २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटच्या मुक्कामी त्याला मरण आले. तिथेच त्याला पुरले. विदर्भातल्या कापसाच्या या बाजारगावात त्याची कबर आहे.

एव्हरेस्टने काम हाती घेतले आणि कंस उत्तरेला सिरोंजपर्यंत नेला. पुढे प्रकृतीसाठी काही वर्षे इंग्लंडला राहून परतल्यावर त्याने तंजावरला वाकलेला तो कॅरीचा थिओडोलाइट हेन्री बॅरो नावाच्या कारागिराकडून नव्याने बांधून घेतला, आणि हिमालयाच्या पायथ्यापर्यंतच्या मोजणीत तो पुन्हा कामाला लावला.